टॉम किलबर्न : संगणकाला हिशेबी स्मृती देणारा शास्त्रज्ञ

संगणकाच्या इतिहासाची चर्चा निघाली, की अ‍ॅलन ट्युरिंग आणि जॉन फॉन नॉयमन ही दोन नावे हमखास घेतली जातात. टॉम किलबर्न हे नावही संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचयाचे असते, पण ते बहुधा १९४८ सालच्या एका छोट्या यंत्राच्या संदर्भात. त्या यंत्राची ख्याती रास्तच आहे. तथापि किलबर्न यांचे सर्वांत दूरगामी काम त्यानंतर चौदा वर्षांनी जगासमोर आले. संगणकाची मेमरी नेहमीच अपुरी असते. तिचा कोणता भाग खरोखर वापरात आहे आणि कोणता नुसताच जागा अडवून बसला आहे, याची नोंद यंत्राने स्वतः ठेवावी आणि त्या नोंदीवरून कोणाला बाहेर काढायचे तेही स्वतःच ठरवावे, ही कल्पना किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँचेस्टर येथे प्रत्यक्षात उतरवली. आज ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, हेच काम अहोरात्र करीत असतो.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, ड्यूसबरी या गावी झाला. लोकरीच्या गिरण्यांचा हा मुलूख. वडीलही गिरणीतच हिशेबनिसाच्या जातीचे काम करीत. गावच्या व्हीलराइट ग्रामर स्कूलमध्ये गणिताचा असा काही ध्यास होता, की चौदाव्या वर्षापासून किलबर्न यांनी गणिताखेरीज दुसरे फारसे काही शिकलेच नाही. १९४० साली ते केंब्रिजच्या सिडनी ससेक्स महाविद्यालयात दाखल झाले. महायुद्धामुळे अभ्यासक्रम आखडते घेतले गेले होते. १९४२ मध्ये ते पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा युद्धकार्यासाठी शास्त्रज्ञ हेरण्याची जबाबदारी लेखक व शास्त्रज्ञ सी. पी. स्नो यांच्याकडे होती. स्नो यांनी या तरुणाला कोणत्याशा गुप्त कामासाठी निवडले. इलेक्ट्रॉनिक्सचे घाईघाईचे प्रशिक्षण उरकून किलबर्न मॅल्व्हर्न येथील दूरसंचार संशोधन संस्थेत रुजू झाले. रडारचे काम तेथे चालत असे.

तेथील गटप्रमुख फ्रेडरिक विल्यम्स हे मंडलरचनेतील निष्णात अभियंते. त्यांना हाताशी अनुभवी माणूस हवा होता आणि पुढ्यात आला तो इलेक्ट्रॉनिक्सची जेमतेम तोंडओळख असलेला गणिताचा पदवीधर. पहिल्या भेटीत दोघांचे काही फार जमले नाही. पण युद्ध संपेपर्यंत किलबर्न कसलेले मंडलतज्ज्ञ झाले होते. १९४६ च्या अखेरीस विल्यम्स प्राध्यापक म्हणून मँचेस्टर विद्यापीठात गेले, तेव्हा किलबर्नही त्यांच्यापाठोपाठ गेले. मॅल्व्हर्नच्या संस्थेनेच त्यांना तेथे उसने दिले होते. ते पुढे परतले नाहीत. मँचेस्टर ही त्यांची आयुष्यभराची कर्मभूमी ठरली.

दोघांपुढचा प्रश्न स्मृतीचाच होता. आकडेमोड वेगाने करणारी मंडले तयार होती, पण आकडे ठेवायचे कोठे? विल्यम्स यांनी रडारच्या पडद्यासाठी वापरली जाणारी कॅथोड रे ट्यूब निवडली. काचेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनच्या झोताने विद्युतभाराचा ठिपका उमटवायचा, तो ठिपका म्हणजे शून्य किंवा एक. अडचण अशी, की हा भार सेकंदाच्या एका अंशातच ओसरून जाई. म्हणजे ही स्मृती जन्मतःच विसराळू. त्यावर उतारा म्हणून ठिपके सतत वाचायचे आणि पुसट होण्यापूर्वी पुन्हा तसेच लिहायचे, अशी योजना करण्यात आली. एका ट्यूबवर एक ठिपका टिकवण्यापासून सुरुवात झाली होती. किलबर्न यांनी साठवणुकीच्या नव्या रीती शोधल्या आणि १९४७ च्या अखेरीस एका ट्यूबवर २०४८ बिट टिकवून दाखवले. ही ट्यूब बरीच वर्षे केवळ विल्यम्स यांच्या नावाने ओळखली गेली. आयबीएमच्या ७०१ या यंत्रातही ती वापरली गेली. विल्यम्स-किलबर्न ट्यूब असे जोडनाव आता रूढ झाले आहे.

ही स्मृती खऱ्या कामाच्या दगदगीत टिकते का, हे पाहण्यासाठी एक यंत्र हवे होते. विल्यम्स, किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी ते उभारले. ‘बेबी’ या लाडक्या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले. त्याची मेमरी ३२ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ३२ बिटांचा. २१ जून १९४८ रोजी या यंत्राने किलबर्न यांनी लिहिलेला १७ आज्ञांचा प्रोग्रॅम स्वतःच्याच इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवून यशस्वीपणे चालवला. २,६२,१४४ या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधण्याचे काम होते. एकेक संख्या उतरत्या क्रमाने तपासत, ५२ मिनिटांत सुमारे ३५ लाख क्रिया करून यंत्राने १,३१,०७२ हे उत्तर दिले. उत्तर तोंडी सांगता येण्याजोगे होते, पण प्रश्न यंत्राच्या हुशारीचा नव्हताच. तासभर ती स्मृती विसरली नाही, हे महत्त्वाचे. साठवलेला प्रोग्रॅम चालवणारा जगातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक हा मान या यंत्राकडे जातो. किलबर्न यांनी उभ्या आयुष्यात लिहिलेला हा एकमेव प्रोग्रॅम, असे सांगितले जाते.

बेबीचे रूपांतर मँचेस्टर मार्क १ मध्ये झाले आणि त्यावरून फेरांटी कंपनीने बाजारासाठी तयार केलेले यंत्र फेब्रुवारी १९५१ मध्ये विद्यापीठात येऊन पोहोचले. येथेच नवी डोकेदुखी सुरू झाली. ट्यूबवरची स्मृती वेगवान, पण मोजकी. म्हणून तिच्या जोडीला फिरते चुंबकीय ड्रम बसवण्यात आले. ड्रमवर जागा पुष्कळ, पण तेथून माहिती मिळण्यास वेळ लागे. मग कोणती माहिती केव्हा ड्रमवरून ट्यूबवर आणायची, कोणती परत पाठवायची आणि दोहोंची गल्लत कशी टाळायची, हे सारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. गणित सोडवायला आलेल्या शास्त्रज्ञाचा निम्मा जीव या हमालीतच खर्ची पडे. १९५४ मध्ये टोनी ब्रूकर यांनी मार्क १ साठी तयार केलेल्या ‘ऑटोकोड’ या सोप्या भाषेत ही कटकट लेखकाच्या नजरेआड करण्यात आली. लेखकाला सारी मेमरी एकसंध भासे, वेग मात्र मंदावत असे. हा आभास यंत्राच्या अंगातच मुरवता आला तर?

किलबर्न यांनी १९५६ मध्ये ‘म्यूज’ या प्रकल्पाला हात घातला तेव्हा परिस्थिती अनुकूल नव्हती. अमेरिकेत महासंगणकांचे प्रकल्प मोठ्या निधीसह सुरू झाले होते. ब्रिटनमध्ये अशा यंत्राची गरज कोणाला आहे आणि पैसे कोण देणार, यावर नुसत्याच बैठका झडत होत्या. किलबर्न यांनी वाट पाहिली नाही. विद्यापीठाच्या संगणकाचा वेळ बाहेरच्या संस्थांना विकून जो निधी साठला होता, त्यावर त्यांनी काम सुरू केले. एका आज्ञेला साधारण एक मायक्रोसेकंद हे त्यांचे लक्ष्य होते. त्या काळी हे बोलणे धाडसाचेच होते. १९५८ च्या अखेरीस फेरांटी कंपनी प्रकल्पात उतरली आणि यंत्राला ‘अ‍ॅटलस’ हे नाव मिळाले.

मँचेस्टरच्या अ‍ॅटलसमध्ये वेगवान कोअर मेमरी १६,३८४ शब्दांची होती आणि ड्रमवर ९८,३०४ शब्द मावत. कोअरमधून शब्द मिळण्यास २ मायक्रोसेकंद लागत. ड्रमची योग्य जागा फिरून समोर येण्यास सरासरी ६ मिलिसेकंद. म्हणजे तीन हजार पटींचा फरक. किलबर्न, डाय एडवर्ड्स, फ्रँक सम्नर आणि लॅनिगन यांनी असे ठरवले, की हा फरक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिसताच कामा नये. त्याला वाटावे, आपल्यापुढे दहा लाखांहून अधिक शब्दांची एकच सलग मेमरी पसरली आहे. आतमध्ये ती ५१२ शब्दांच्या तुकड्यांत विभागलेली. कोअरमध्ये असे ३२ तुकडे बसत. अ‍ॅटलसची मंडळी तुकड्यातील माहितीला ‘ब्लॉक’ आणि कोअरमधील जागेला ‘पेज’ म्हणत. पुढच्या पिढीने हा भेद जवळजवळ उलटा करून माहितीलाच पेज म्हणायला सुरुवात केली.

प्रत्येक पेजला एक नोंदपट्टी दिलेली होती. त्या पेजमध्ये सध्या कोणता ब्लॉक बसला आहे, ते त्यावर लिहिलेले असे. प्रोग्रॅमने पत्ता मागितला, की ३२ ही पट्ट्या एकाच वेळी ताडून पाहिल्या जात. जुळणी झाली तर काम पुढे चाले. एकही पट्टी जुळली नाही, तर प्रोग्रॅम थांबवून सूत्रे ‘सुपरवायझर’कडे जात. फेरांटीतील डेव्हिड हॉवर्थ यांच्या चमूने मुख्यत्वे लिहिलेला हा सुपरवायझर म्हणजे आजच्या कर्नलचा पणजोबाच. त्याचा मोठा भाग पुसता न येणाऱ्या स्थिर मेमरीत होता. तारांच्या जाळीत बारीक कांड्या खोचून ही मेमरी बनवलेली होती. सुपरवायझर हवा असलेला ब्लॉक ड्रमवरून आणण्याची आज्ञा देई. त्यासाठी एक पेज नेहमी रिकामे राखलेले असे. नवा ब्लॉक त्यात उतरत असतानाच पुढील खेपेसाठी दुसरे पेज रिकामे करायचे. पण कोणते?

खरी मेख येथे होती. चुकीचा ब्लॉक बाहेर काढला, तर क्षणार्धात त्याचीच मागणी व्हायची आणि यंत्र ड्रमच्या फेऱ्या मोजत बसायचे. यासाठी प्रत्येक पेजला आणखी एक बिट जोडण्यात आला, ‘वापराचा बिट’. त्या पेजमधील एखाद्या शब्दाला स्पर्श झाला, की यंत्र आपोआप तेथे एकचा आकडा मांडी. दर १०२४ आज्ञांनंतर सुपरवायझर हे ३२ बिट वाचून टिपून ठेवी आणि पुसून पुन्हा शून्यावर आणी. प्रत्येक वापर मोजत बसणे परवडणारे नव्हते. ठरावीक काळात हात लागला की नाही, एवढेच विचारायचे. उत्तर हो किंवा नाही. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर पुढचा अंदाज बांधायचा होता.

हा अंदाज बांधणाऱ्या भागाला किलबर्न यांच्या गटाने ‘शिकणारा प्रोग्रॅम’ म्हटले. त्याची रीत शहरी घरातल्या ओट्याच्या दाखल्याने चटकन उमगते. ओट्यावर मोजकेच डबे मावतात, बाकीचे माळ्यावर. चहा-साखरेचा डबा रोज हाती येतो, त्याला हलवण्याचा प्रश्नच नाही. साबुदाण्याचा डबा एकादशीला निघतो, म्हणजे पंधरा दिवसांनी. शिकणारा प्रोग्रॅम प्रत्येक ब्लॉकबाबत दोन आकडे पाही : हात लागून किती काळ झाला, आणि यापूर्वी तो किती काळ पडून होता. साबुदाण्याची मागची खंड पंधरा दिवसांची आणि आता सतरा दिवस उलटले, तर त्या घरातले उपवास सुटले असे समजून डबा माळ्यावर टाकायचा. असा एकही डबा नसेल, तर ज्याची पाळी येण्यास सर्वांत अधिक अवकाश आहे तो उचलायचा. काल साबुदाणा झाला, तर तो आणखी चौदा दिवस लागणार नाही. आठवड्याने लागणारे पोहे चार दिवसांपूर्वी झाले असतील, तर ते तीन दिवसांत लागतील. तेव्हा साबुदाणा वर, पोहे खाली. आणि सारेच डबे नुकतेच वापरलेले असतील, तर ज्याची मागची खंड सर्वांत लांब होती तो.

‘सर्वांत जुना तो बाहेर’ किंवा ‘हाताला येईल तो बाहेर’ असे सोपे नियम उपलब्ध असताना इतका खटाटोप का केला? कारण शास्त्रीय आकडेमोडीत तीच ती आवर्तने पुन्हा पुन्हा येतात. काल हात न लागलेला ब्लॉक पुढच्या फेरीत नेमका लागणार असतो. वापराची लय ओळखणे हे नुसत्या वापराची नोंद घेण्यापेक्षा अधिक होते, आणि १९६० च्या सुमारास हा विचार करणे ही खरोखर असामान्य गोष्ट होती. एप्रिल १९६२ मध्ये या चौघांनी एकपातळी साठवणुकीवरील शोधनिबंध अमेरिकेतील अभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आभासी मेमरीच्या अभ्यासाची सुरुवात आजही त्यापासूनच होते. बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंट्श यांनीही १९५० च्या दशकात स्वतंत्रपणे तत्सम कल्पना मांडली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. ती चालत्या यंत्रात उतरली मात्र मँचेस्टरला.

७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या हस्ते अ‍ॅटलसचे उद्घाटन झाले. जगातील सर्वाधिक शक्तिशाली संगणकांत त्याची गणना होत असे. तो बंद पडला की ब्रिटनची निम्मी गणनशक्ती बंद पडते, असे त्या काळी म्हटले जाई. सुपरवायझरवरील काम मात्र उद्घाटनानंतरही चालूच राहिले. व्यापाराच्या दृष्टीने पाहता हा प्रकल्प फसला. मँचेस्टर, लंडन विद्यापीठ आणि चिल्टन येथील प्रयोगशाळा अशी तीनच मूळ यंत्रे बसवली गेली, शिवाय थोड्या बदललेल्या स्वरूपातील आणखी तीन. १९६३ मध्ये फेरांटीने आपला संगणक विभागच विकून टाकला.

शिकणाऱ्या प्रोग्रॅमचीही कठोर परीक्षा झाली. १९६६ मध्ये आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी पेज बदलण्याच्या अनेक पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. आवर्तनांवर बेतलेली अ‍ॅटलसची रीत अन्य प्रकारच्या प्रोग्रॅमवर फिकी पडते, असे त्यात आढळले. जे पेज भविष्यात सर्वांत उशिरा लागेल तेच बाहेर काढणे आदर्श, हेही बेलाडी यांनी दाखवून दिले. किलबर्न यांचा गट त्याच भविष्याचा अदमास घेऊ पाहत होता. फक्त लय नेहमीच पाळली जाते, हे त्यांचे गृहीत सर्वत्र लागू पडले नाही. लबाडीने लपवलेली मेमरी वेग खाते, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच जागेचे ओझे वाहू द्यावे, असे मानणारा एक वर्ग तेव्हा होताच. त्याला या निष्कर्षांनी बळ मिळाले. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी ‘वर्किंग सेट’ची मांडणी केली, प्रत्येक प्रोग्रॅमला त्या त्या वेळी लागणाऱ्या पेजांचा संच मोजून तो सांभाळण्याची, आणि वाद हळूहळू निवळला. १९७२ मध्ये आयबीएमने आपल्या ३७० मालिकेत आभासी मेमरी आणली.

अ‍ॅटलसचे सूत्र मागे पडले. वापराचा बिट मात्र टिकला. १९८५ च्या इंटेल ८०३८६ या चिपमध्ये पेजमागे तो आहे, शेजारी पेजवर काही लिहिले गेले का हे सांगणारा दुसरा बिटही आहे. लिनक्सचा कर्नल आजही तो बिट वाचतो, पुसतो आणि पुन्हा उमटतो का ते पाहतो. एका फेरीत हात लागला नाही तर संशय, आणखी फेऱ्यांत लागला नाही तर गच्छंती. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत पेजांच्या वयानुसार अनेक पिढ्या पाडणारी नवी व्यवस्था दाखल झाली. बत्तीस पेजांच्या जागी लक्षावधी पेज आले, तरी कमीत कमी खर्चात वापराचा सुगावा कसा लावायचा, हा प्रश्न अद्याप तोच आहे.

किलबर्न १९६० मध्ये संगणक अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले होते. १९६४ मध्ये त्यांनी विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. ब्रिटनमधील हा अशा प्रकारचा पहिला विभाग. १९६५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९७३ मध्ये त्यांना सीबीई हा किताब मिळाला, १९७८ मध्ये रॉयल मेडल, १९८३ मध्ये एकर्ट-मॉकली पुरस्कार. एमयू५ हे त्यांच्या नेतृत्वाखालील शेवटचे मोठे यंत्र. आयसीएल कंपनीच्या २९०० मालिकेवर त्याची छाप पडली. मँचेस्टरचा अ‍ॅटलस ३० सप्टेंबर १९७१ रोजी कायमचा बंद करण्यात आला होता.

मितभाषी, कामाला चोख आणि प्रसिद्धीबाबत उदासीन अशी त्यांची ख्याती होती. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघावर त्यांचे निस्सीम प्रेम होते. आजारी पत्नीची शुश्रूषा करता यावी म्हणून त्यांनी १९८१ मध्ये, साठाव्या वर्षी, मुदतीआधी निवृत्ती घेतली. निवृत्तीचा दिवस उजाडण्याच्या थोडेच आधी पत्नीचे निधन झाले. त्यानंतरची वीस वर्षे ते मँचेस्टरमध्येच राहिले.

जून १९९८ मध्ये, बेबीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, ख्रिस बर्टन यांच्या पुढाकाराने त्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. समारंभाला सत्त्याहत्तरीच्या उंबरठ्यावरील किलबर्न उपस्थित होते. १७ जानेवारी २००१ रोजी मँचेस्टर येथे त्यांचे निधन झाले. विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले असून बेबीची प्रतिकृती शहरातील विज्ञान व उद्योग संग्रहालयात आहे.